एक दाढी, तीन मापं

रोज सकाळी कुत्र्यांना फिरवायला निघणाऱ्या आम्ही पाच जणी. माईकसमोर एकच बसली आहे, पण बोलणं पाचही जणींचं आहे. आज सांगायचंय ते श्नॉझर या कुत्र्याबद्दल. भरघोस दाढी, झुपकेदार भुवया, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू आत्ता गृहपाठ तपासायला मागेल!

आमच्यातल्या एकीच्या घरी अशीच एक बारकी आहे. बारकी हे तिचं नाव. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "ताई, हे टीकप श्नॉझर, मुठीएवढंच राहणार." त्यासाठी दुप्पट पैसे घेतले. आज बारकी सात किलोंची आहे. कपात मावेल म्हणून आणलेली आता पातेल्यातही मावत नाही! फसल्यावर आम्ही माहिती काढत बसलो. ती आधी काढली असती तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगतो.

श्नॉझर मूळचा जर्मनीचा. जर्मन भाषेत 'श्नाउत्से' म्हणजे थोबाड. त्या दाढीमिशांवरूनच हे नाव पडलं. याच्या जाती तीन: मिनिएचर, स्टँडर्ड आणि जायंट. यात टीकप कुठंच नाही. एकच कुत्रा लहान-मोठ्या मापात मिळतो, असंही नाही. तिघांची कामं वेगळी होती, म्हणून तिघं वेगळे घडले.

मूळचा तो स्टँडर्ड. जमिनीपासून खांद्यापर्यंत 45 ते 50 सेंटिमीटर, वजन 14 ते 20 किलो. घोड्यांच्या तबेल्यात राहायचा, उंदीर मारायचा आणि राखणही करायचा.

जायंट 60 ते 70 सेंटिमीटर उंच, वजन 35 ते 47 किलो. म्हणजे जवळजवळ एका माणसाचं वजन! दक्षिण जर्मनीत तो गुरं हाकायचा. पुढे पोलिसांच्या आणि सैन्याच्या कामाला लागला. त्याला रोज भरपूर धावणं आणि डोक्याला काम लागतं. दोन खोल्यांच्या घरात दिवसभर बांधून ठेवला तर तो घर डोक्यावर घेईल, आणि तो दोष त्याचा नसेल.

मिनिएचरची उंची 30 ते 35 सेंटिमीटर. मुलांच्या दप्तरातली फूटपट्टी उभी धरा, त्याचा खांदा तिच्या टोकाशी किंवा थोडा वर येतो. वजन चार ते आठ किलो. लहान चणीच्या श्नॉझरांचा आफेनपिन्शर नावाच्या छोट्या जर्मन कुत्र्याशी संकर करून ही जात तयार झाली. आता हिशेब करा, आमची सात किलोंची बारकी नेमकी कोण? अगदी नेहमीसारखी मिनिएचर!

रंगही सांगतो. मीठ-मिरी मिसळल्यासारखा करडा आणि काळा, हे दोन रंग तिन्ही जातींत असतात. मिनिएचरमध्ये काळा-रुपेरी असतो, आणि काही देशांत पांढराही मानला जातो. नुसत्या 'दुर्मिळ रंगा'साठी कुणी जास्त पैसे मागितले तर सावध व्हा.

यांचे केस घरभर कमी पडतात हे खरं. पण म्हणून काम कमी, असं समजू नका. दाढी रोज विंचरावी लागते. पाणी पिऊन झालं की ती पुसायची, नाहीतर तुमच्या साडीला पुसली जाते. वरचे राठ केस दर काही आठवड्यांनी कापावे किंवा हातानं उपटून काढावे लागतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. गेल्या दिवाळीत बारकीनं शेजारच्या मुलांकडून चकल्या आणि शंकरपाळे मनसोक्त खाल्ले. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. पाठ वाकवून कोपऱ्यात बसली, अन्नाला तोंड लावेना. डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडाला सूज आली आहे. मिनिएचर श्नॉझरांमध्ये रक्तातली चरबी वाढण्याचा कल असतो, त्यामुळे तळलेलं, तुपकट खाणं त्यांना जिवावर बेतू शकतं. तीन दिवस सलाईन लागलं. बारकी वाचली, पण त्या रात्री आम्ही पाची जणी जाग्या होतो. मुतखड्याचा त्रासही या जातीत आढळतो, म्हणून पाणी भरपूर द्या आणि लघवीला त्रास होतोय असं वाटलं तर लगेच दाखवा.

आणि पिल्लू घेताना? आपल्याकडे 2017च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ती बघायला मागा. पिल्लाची आई दाखवायला सांगा. आई बघितली की पिल्लू किती वाढेल याचा अंदाज येतो. बारकीच्या वेळी आम्ही यातलं काहीच विचारलं नव्हतं.

पैसे गेले त्याची हळहळ आता राहिली नाही. बारकी मुठीएवढी राहिली असती तरी आमचीच होती, आणि सात किलोंची आहे तरी आमचीच आहे. पण प्रत्येक घर असं म्हणेलच असं नाही. पिल्लू मोठं झालं म्हणून रस्त्यावर सोडून देणारेही आम्ही पाहिलेत. म्हणून मैत्रिणींनो, माप आधी विचारा आणि मग जीव लावा.