जोधपूरचे भालाईत स्वार

मशीनगनपुढें घोडदळाचा निभाव लागत नाहीं, हें पहिल्या महायुद्धानें वारंवार दाखविलें. तरीहि २३ सप्टेंबर १९१८ रोजीं जोधपूर लान्सर्स पॅलेस्टाइनमधील तुर्कांच्या हैफा शहरावर चालून गेले. डावीकडे कार्मेल डोंगर, उजवीकडे किशोन नदी. नदीकांठच्या वाळूंत घोडे रुतूं लागतांच स्वार डोंगराच्या पायथ्याकडे वळले, मशीनगनवाल्यांस भाल्यांनीं लोळवून शहरांत शिरले. मेजर दलपतसिंग यांना या चढाईंत वीरमरण आलें. त्या दिवशीं त्यांच्या ब्रिगेडचीं आठ माणसें व साठ घोडे मेले. दिल्लींत १९२२ सालीं या ब्रिगेडचें स्मारक उभें राहिलें. तेथें तीन भालाईतांच्या मूर्ति आहेत. घोडा एकहि नाहीं. विजयाचा हिशेब मांडतांना त्या मुक्या सोबत्यांसहि विसरूं नये.