वावरातला पालाश जातो कुठे?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



पोटॅशचं पोतं घ्यावं की नाही, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो. २०१० पर्यंत ५० किलोचं पोतं सव्वादोनशेच्या आसपास मिळत होतं. त्या साली अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आलं आणि दोन-तीन वर्षांत किंमत तिपटीच्या वर गेली. हा माल आपल्या देशात खणला जात नाही. कॅनडा, रशिया, बेलारूस अशा मुलखांतून तो बोटीने येतो. म्हणून पोतं घेण्याआधी आपल्या वावराचा हिशेब मांडू.

पालाश नत्रासारखा हवेत उडत नाही. तो जळून किंवा कुजून नाहीसा होत नाही. तो फक्त जागा बदलतो. म्हणून प्रश्न एकच: धुऱ्याबाहेर किती गेला आणि परत किती आला?

आपल्या काळ्या मातीत पालाश तीन ठिकाणी असतो. पाण्यात विरघळलेला, ती खिशातली चिल्लर. चिकणमातीच्या कणाला चिकटलेला, ती सोसायटीतली ठेव. आणि कणाच्या पापुद्र्यांत अडकलेला, खनिजात बांधलेला, तो सातबाऱ्यावरचा ठेवा. पीक चिल्लर खर्चतं, ठेवीतून ती भरून निघते, आणि ठेव आटली की सातबाऱ्याला हात लागतो. मातीपरीक्षणाच्या कागदावर पहिले दोनच दिसतात. कागदावर 'भरपूर' असेल तर यंदा पोत्याची घाई नको. पण तीन-चार वर्षांनी पुन्हा तपासा. आकडा उतरत असेल तर आपण ठेव मोडून खात आहोत.

कोरडवाहूत ही ठेव जास्तच मोलाची. पानाच्या छिद्रांची उघडझाप पालाश सांभाळतो. पावसाने ताण दिला की पालाश कमी असलेली पऱ्हाटी आधी मान टाकते. बोंडं भरताना तर त्याची ओढ सर्वांत जास्त असते.

आता खातं बघा. १० क्विंटल ज्वारीच्या दाण्यात पालाश जेमतेम चार-पाच किलो. कडब्यात मात्र टनाला १५ किलोच्या आसपास. म्हणजे दाणा विकला तरी कडबा घरी राहिला तर पालाश घरीच. सोयाबीनचं उलट आहे. १० क्विंटल दाण्यातच २० किलोच्या आसपास पालाश बाजारात जातो. वऱ्हाडात ज्वारी हटली, सोयाबीन आलं. कडबा गेला, मग बैलही गेले. पालाशाचं जाणं वाढलं आणि परत येण्याची वाट बंद झाली.

कापसाचंही समजून घ्या. तेलात पालाश जवळजवळ नसतो, रुईत थोडाच. तेल आणि रुई ही मुख्यतः हवा, पाणी आणि उन्हाची कमाई. पालाश राहतो ढेपेत, बोंडाच्या टरफलात, पानात आणि पऱ्हाटीत. ढेप गावाबाहेर गेली की वावराचा तुकडा तिच्यासोबत गेला. ढेप आपल्या ढोरांनी खाल्ली तर तो परत येऊ शकतो.

येऊ शकतो असं का म्हणतो? एक बैल दिवसाला आठ किलो कडबा खातो असं धरा. त्यात पालाश झाला १२० ग्रॅम, वर्षाला ४३-४४ किलो. बैलाच्या अंगात तो साठत नाही, आणि बाहेर पडतो तो बहुतेक मुतात, शेणात थोडा. तीन हिस्से मुतात धरले तरी वर्षाला ३० किलोच्या वर. पोटॅशच्या एका पोत्यात पालाश ३० किलोच असतो! दिवसाचं मूत वाटेत पडतं, निम्मंच गोठ्यात पडतं, असं धरलं तरी बैलजोडीमागे एक पोतं झालं. ते गोठ्याच्या नालीने वाहून जातं. उरलेलं उघड्या उकिरड्यातून पहिल्या पावसात निघून जातं, कारण पालाश पाण्यात विरघळतो.

तेव्हा कामं ही. गोठ्यात कोरडी माती किंवा कुटार अंथरा, ओलं झालं की खड्ड्यात टाका. खड्डा उंच जागी, सावलीत, वरून मातीने झाकलेला असू द्या. पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवू नका, तिच्यात बोंडअळी दबा धरते. बारीक करून कुजवा. चुलीत जाळलीच तर राखेत पालाश शिल्लक असतो. ती राख शेणखतात मिसळू नका, नत्र उडेल. वेगळी ठेवून वावरात पातळ पसरा. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात मात्र राख नको. तिथला खार सोडियमचा आहे, राखेने चोपणपणा वाढेल.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी-गव्हाचा एक दीर्घ मुदतीचा प्रयोग चालू आहे. तिथेही पूर्ण खतासोबत शेणखत दिलेले वाफेच सरस ठरले.

शेवटचं. घरी लेकीचं लग्न किंवा सावकाराचा तगादा आला की कडबा विकला जातो, बैल विकला जातो. ती काही हौस नाही, भाव न मिळाल्याची शिक्षा आहे. सरकार हमीभावासाठी उत्पादनखर्च काढतं, त्यात विकतचं खत धरतं, घरचं शेणखतही धरतं. पण क्विंटलमागे मातीतून गेलेला पालाश कोणत्याच रकान्यात नाही. तो आपण फुकट देतो. तो रकाना मागायचा असेल तर आधी आपल्या वहीत तो लिहिता आला पाहिजे. या हंगामापासून प्रत्येकाने वहीत दोन ओळी लिहाव्यात: धुऱ्याबाहेर काय गेलं, आणि परत काय आलं. पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या.