जिन्याखालचा फळा



गिरगावातल्या आमच्या चाळीत जिन्याखाली एक काळा फळा होता. दोन हात रुंद, दीड हात उंच, एका कोपऱ्याचा रंग उडालेला. खाली पत्र्याच्या डब्यात खडूचे तुकडे आणि एक ओलं फडकं. लिहिण्याचं काम तळमजल्यावरच्या मास्तरांकडे असे. ते शाळेत शिकवत, अक्षर टपोरं. कुणाला काही कळवायचं असलं की संध्याकाळी मास्तरांच्या दाराशी जाऊन सांगायचं. पहाटे नळाला पाणी येण्याआधी मजकूर फळ्यावर उमटलेला असे.

काय असे त्या फळ्यावर? 'उद्या पाणी साडेचारऐवजी पावणेचारला.' 'रेशनवर साखर आली आहे.' 'दुसऱ्या मजल्यावरील आजींना देवाज्ञा झाली, अंत्ययात्रा साडेदहा वाजता.' 'मसाला कांडून मिळेल, खोली क्रमांक 9.' 'छत्री सापडली आहे, दांड्याची खूण सांगून न्यावी.' मुंबईला पाणी पुरवणारे तलाव आहेत सात. तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, भातसा, अपर वैतरणा आणि मध्य वैतरणा. पण वस्तीवस्तीला पाणी ठरल्या वेळीच सुटतं. ती वेळ ज्याला कळली नाही, त्याची पिंपं दिवसभर कोरडी. म्हणून पाण्याची ओळ सगळ्यांत वर आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरांत. बाकीचं सगळं तिच्याखाली.

मला आज सांगायचंय ते एका पितळी पातेल्याबद्दल.

मी चौथीत होते. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंचं मोठं पातेलं दिसेनासं झालं. लग्नात माहेरून आलेलं, त्यामुळे काकूंच्या डोळ्याला खळ नव्हता. त्यांच्याकडे भांडी घासायला एक बाई येत. चाळीतल्या आणखी तीन घरी त्यांची कामं होती. काकू संध्याकाळी मास्तरांकडे गेल्या. मी तिथंच पाढे म्हणत बसले होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"मास्तर, लिहा. पातेलं चोरीला गेलंय, भांडीवालीवर संशय आहे, सगळ्यांनी सावध राहावं."

मास्तरांनी चष्मा काढला. "वहिनी, तुम्ही तिला घेताना पाहिलंत का?"

"पाहिलं नाही. पण दुसरं कोण येतं घरात?"

"मग पातेलं हरवलं एवढंच लिहितो. संशय असेल तर चौकीवर सांगा, ते चौकशी करतील. फळ्यावर संशय लिहिला तर ती बाई उत्तर कुठं लिहिणार?"

काकू रागावून निघून गेल्या. पुढे कितीतरी दिवस त्या मास्तरांशी बोलल्या नाहीत. फळ्यावर मात्र मास्तरांनी सांगितलं तेवढंच आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून येत होते. त्या बाई फळ्यासमोर उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. पण काहीतरी कानावर आलं असणार, कारण हातातली पिशवी त्यांनी छातीशी घट्ट धरली होती. मला म्हणाल्या, "बाय, काय लिवलंय वाच की." मी वाचलं. 'पितळी पातेलं हरवलं आहे. सापडल्यास खोली क्रमांक 14 मध्ये द्यावे.'

"आन् फुडं?"

"पुढं काही नाही."

"नीट बघ."

मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि जिना चढून कामाला गेल्या.

ते पातेलं कधीच सापडलं नाही. त्या बाईंची चारही कामं मात्र टिकली, काकूंकडचंसुद्धा. आमची चाळ मी सोडली तोवर तरी टिकलेली होती.

तो फळा सगळ्यांच्या वाटेवर होता. भाडेकरू, पोटभाडेकरू, दूधवाला, कल्हईवाला, पोस्टमन, झाडूवाला, भांडी घासणाऱ्या बाया, सगळे त्याच्यासमोरून जात. ज्याच्याबद्दल लिहिलंय तोही ते वाचू शके, नाहीतर कुणाकडून वाचून घेऊ शके. लिहिणाऱ्याला हे ठाऊक होतं, म्हणून त्याचा हात सांभाळून चाले. आणि मजकूर कुणी सांगितला हे सगळ्यांना माहीत असे. पटलं नाही तर दार ठोठावायला दोन जिन्यांचंच अंतर होतं.

शेजाऱ्यांमधल्या अशा कळवाकळवीतून माणसांची पोटंही चालतात. 'पोळ्या लाटून मिळतील', 'ब्लाउज शिवून मिळेल' या ओळींनी आमच्या चाळीतल्या दोन विधवा बायकांची घरं उभी राहिली, हे मी पाहिलंय. याच गिरगावात 15 मार्च 1959 रोजी एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती शेजारणी पापड लाटायला बसल्या होत्या. हाताशी 80 रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तीच पुढे लिज्जत पापड बनवणारी महिलांची संस्था झाली. पहिलं पाकीट निघायच्या आधी एकीनं दुसरीला गॅलरीतून काहीतरी सांगितलं असेल, नाही का? दुपारी दोन तास मोकळे आहेत, तुझे आहेत का, असंच काहीतरी.

मतंही अशाच बोलण्यातून घडत. चाळीत मतं फळ्यावर लिहीत नसत, ती नळावर आणि सामायिक गॅलरीत ऐकू येत. 1961 मध्ये मुंबई महापालिकेत निवडून गेलेल्या मृणाल गोरे यांना लोक पाणीवाली बाई म्हणत, ते गोरेगावच्या वस्त्यांतल्या पाण्यासाठी त्यांनी दिलेल्या लढ्यामुळे. 1972 नंतर त्या, अहिल्या रांगणेकर आणि इतर कार्यकर्त्यांनी महागाईविरुद्ध मोर्चे काढले, तेव्हा बायका थाळ्या आणि लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. माझी आईही एकदा गेली होती. तेल कितीला झालं, डाळ कुठल्या दुकानात दडवलीय, हे त्या बायकांना आधी एकमेकींकडूनच कळलेलं होतं.

आता मी डोंबिवलीत राहते. सात मजले, लिफ्ट, रखवालदार. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे आवारात ठळक जागी सूचना फलक असावाच लागतो, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी द्यावी लागते. आमच्याकडेही फलक आहे. काचेच्या दाराला कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडे. आत सभेची नोटीस, आणि कधीकधी थकबाकीदारांची यादी. मला ती यादी बघवत नाही. गेल्या वर्षी तिच्यात ज्यांचं नाव होतं, त्यांच्या घरी आजारपण चाललं होतं, आणि ते समितीतल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. कुणीतरी वर जाऊन बोलायला हवं होतं. मीही गेले नाही. त्याची खंत आजही आहे.

बाकी सगळं मोबाइलवरच्या सोसायटीच्या गटात चालतं. प्लंबरचा नंबर रात्री अकरालाही मिळतो. रक्त हवं असेल तर दहा मिनिटांत दोन माणसं निघतात. हे फार मोलाचं आहे, आणि मी त्याचा फायदा घेतलेला आहे. पण आमच्या त्या गटात फक्त फ्लॅटमालक आहेत. भाडेकरू नाहीत, रखवालदार नाही, घरकामाला येणाऱ्या बायका नाहीत. बोलणं मात्र पुष्कळदा त्यांच्याबद्दलच असतं. एकदा एका बाईंबद्दल 'हिला कामावर ठेवू नका' असा निरोप फिरला. कारण कुणीच विचारलं नाही. आठ दिवसांत त्यांची तीन कामं सुटली, आणि का सुटली हे त्यांना कळलं ते महिन्यानं, तेही दुसऱ्या इमारतीतल्या बाईकडून.

तेव्हा मला जिन्याखालचा फळा आठवला.

सगळ्यांसमोरचा फळा नसण्याचा प्रश्न एकट्या आमच्या सोसायटीचा नाही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथं मिळून बीडीडीच्या जुन्या सरकारी 207 चाळी होत्या. एकेका चाळीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची, आणि मजल्यावरच्या सगळ्यांना मिळून एकच सामायिक वाट. त्यांच्या पुनर्विकासात ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या 556 रहिवाशांना 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घरात स्वतंत्र संडास, स्वतंत्र मोरी. हे सुख त्यांना पिढ्यान् पिढ्या उशिरा मिळालं, आणि त्याबद्दल माझ्या मनात आनंदच आहे. फक्त एवढंच वाटतं, की त्या उंच इमारतींत कुणीतरी तळमजल्यावर, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, एक फळा टांगावा.

आमच्याकडे आम्ही तो टांगलाय. समितीत दोन बैठका झाल्या, विरोधही झाला, पण शेवटी रखवालदाराच्या खोलीबाहेर, फाटकाच्या आत जागा मिळाली. त्याला कुलूप नाही. मजकुराखाली सांगणाऱ्याचं नाव लिहायचं, एवढी एकच अट. तिसऱ्या मजल्यावरची दहावीतली मुलगी लिहिते.

परवा संध्याकाळी मी भाजी घेऊन येत होते, तर ज्यांची कामं सुटली होती त्याच बाई तिच्याशेजारी उभ्या. मुलीनं आधी पाण्याची वेळ लिहिली. मग त्यांना विचारलं, "मावशी, काय लिहू?" त्या म्हणाल्या, "सकाळची पोळ्यांची दोन कामं पायजेत, असं लिही. आन् नाव पुरं घाल." तिनं लिहिलं, नाव पुरं घातलं, आणि कुठल्या अक्षरापासून नाव सुरू होतं ते बोटानं दाखवलं. बाई चार पावलं मागे सरकल्या, फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून फळ्याकडे पाहिलं.

"हितनं दिसत न्हाई," त्या म्हणाल्या. "नाव जरा मोठं काढ."