खेळातली चाल, रॅपचा ठेका

ड्रेक या रॅपरचं २०१४ मधलं ‘सिक्स गॉड’ ज्या सुरांवर उभं आहे, ते ‘डाँकी काँग कंट्री २’ या १९९५ च्या व्हिडिओ गेममधले आहेत. मूळ रचना डेव्हिड वाइज या ब्रिटिश संगीतकाराची. विझ खलिफाचं ‘नेव्हर बीन’ असंच यासुनोरी मित्सुदा यांच्या ‘क्रोनो ट्रिगर’ या गेममधल्या चालीवर चालतं. याचं ठरलेलं स्पष्टीकरण असं, की हे रॅपर हे खेळ खेळत वाढले आणि पुढे त्यांनी आपलं बालपण गाण्यात आणलं. पण नुसती आठवणच जागवायची असती, तर न खेळलेल्यालाही ठाऊक असलेली सुपर मारिओची चाल पुरली असती. ‘सिक्स गॉड’मधली धास्ती तर गेमचं यंत्र कधी हातात न धरलेल्यालाही जाणवते. माझ्या मते खरं कारण या संगीताच्या घडणीत आहे.

ही घडण यंत्रानं ठरवली. १९९० साली जपानात आलेल्या सुपर फॅमिकॉम या गेमच्या यंत्रातल्या ध्वनिचिपला ६४ किलोबाइट मेमरी होती. वाद्यांचे नमुने, सुरावट, प्रतिध्वनीला लागणारी जागा, सगळं तेवढ्यात बसवायचं आणि एका वेळी आवाज फक्त आठ. म्हणून वाद्याचा इवलासा तुकडा घ्यायचा, त्याचं शेपूट फिरतं ठेवायचं आणि तोच वर-खाली करून अख्खी चाल काढायची. त्यातून खेळणारा एका टप्प्यावर मिनिटभर अडकेल की अर्धा तास, हे संगीतकाराला कळायचा मार्ग नाही. तेव्हा चालीचा शेवट सुरुवातीला बेमालूम जुळला पाहिजे आणि पन्नासाव्या आवर्तनालाही कान विटता कामा नये. आता अमेरिकेतल्या हिप-हॉपवाल्यांचं लाडकं सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र, पाहा: १९८७ चं एसपी-१२००. त्यात एकूण दहा सेकंदांचा आवाज मावे. मग मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर पळवून तुकडा भरायचा आणि यंत्रात पुन्हा संथ करायचा. यात आवाजाला खरखर येई, आणि तीच खरखर पुढे चवीनं ऐकली जाऊ लागली. तुकडा, आवर्तन आणि काटकसर, दोन्हीकडची विद्या एकच. कॉर्ग वेवस्टेशन या सिंथेसायझरसारखा तरंगता आवाज त्या तुटपुंज्या चिपमधून काढण्यासाठी वाइज यांनी ‘अक्वाटिक अँबियन्स’ या एका रचनेवर पाच आठवडे घालवले. चाइल्डिश गँबिनो या रॅपरनं पुढे तीच रचना उचलली, यात मला तरी नवल वाटत नाही. ठेका बांधणाऱ्याला असा पक्का बांधलेला तुकडा आयता कुठे मिळणार?

शिवाय देवघेव एकाच बाजूनं झालेली नाही. जपानच्या यलो मॅजिक ऑर्केस्ट्रानं १९७८ मध्येच आर्केडमधल्या यंत्रांच्या आवाजांवर गाणं रचलं होतं आणि त्यांचं संगीत न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या आफ्रिका बंबाटा या हिप-हॉप डीजेपर्यंत पोचलं होतं. ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’ या गेमचे संगीतकार यूझो कोशिरो तर क्लबमधल्या कृष्णवर्णीय नृत्यसंगीतावर पोसलेले. त्यांच्या चाली रॅपमध्ये आल्या, तर त्यांना पाहुण्या म्हणणंही कठीण.

राहिला चोरीचा आक्षेप. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २००४ मध्ये लिल फ्लिप या रॅपरच्या ‘गेम ओव्हर’मध्ये पॅक-मॅनचे आवाज आले, तेव्हा त्या खेळाची मालक नाम्को कंपनी कोर्टात गेली. परवानगी घ्यावी, पैसे द्यावेत, याबद्दल दुमत असू नये. (आणि त्या गाण्यात खेळाचे आवाज निव्वळ गंमत म्हणून आहेत, हेही कबूल.) मात्र चोरी म्हणून बोट दाखवताना माल कुणाचा, हेही विचारावं. या चालींचे हक्क बहुधा कंपनीकडे असतात. संगीतकार पगारी नोकर, आणि जुन्या जपानी खेळांच्या श्रेयनामावलीत कित्येकदा त्याचं खरं नावही नसे, नुसतं टोपणनाव. सॅम्पलची फी भरली गेली, तरी ती त्याच्या हाती पडेलच असं नाही. त्याच्यावरचा पहिला अन्याय रॅपरनं केलेला नव्हता. उलट ‘सिक्स गॉड’ ऐकून मूळ चाल शोधत निघालेला माणूस डेव्हिड वाइज या नावापाशी पोचतो. तेव्हा परवाना देताना गेम कंपन्यांनी पैशाबरोबर एक अट घालावी: गाण्याच्या श्रेयनामावलीत खेळाच्या संगीतकाराचं खरं नाव छापलं जावं.