चित्र भिंतीवर लागण्याआधी

मागच्या वर्षी आमच्या गटाची सहा वारली चित्रं शहरातल्या एका संग्रहालयाने दोन महिन्यांच्या प्रदर्शनासाठी नेली. आम्हाला वाटलं, खिळा ठोकला की झालं! पण आधी करारपत्र आलं, मग विमा. त्यांच्या ताईंनी प्रत्येक कापड विजेरी तिरकी धरून पाहिलं. कुठे तांदळाचा पांढरा रंग सुटलाय, कुठे घडी पडलीय, सगळं फोटोसकट लिहिलं आणि दोन्हीकडच्या सह्या घेतल्या. चित्र परत येताना हाच कागद कामाला येतो, म्हणून आम्ही तो मोठ्याने वाचून मगच सही केली.

पेट्या पोचल्यावर दिवसभर उघडल्या नाहीत. कापडाला तिथल्या हवेची सवय व्हावी लागते. दिवेही मंद, 50 लक्सच्या आसपास. जास्त उजेडाने कापड विरतं, ते नुकसान भरून येत नाही.

पाट्यांचा मसुदा मात्र आम्हीच मागून घेतला, तुम्हीही मागा. त्यात नुसतं 'वारली आदिवासी चित्र'. काढणारीचं नावच नाही! लग्नाचा चौक पिढ्यान्‌पिढ्या सवाशिणी लिहीत आल्या, आणि पाटीवर कुणीच नाही? लगेच फोन केला. छपाई व्हायची होती, म्हणून जमलं. सहाही नावं लागली, गावासकट.