आधी मुंगी ओळखा, मग औषध काढा

मी हट्ट्यातून बोलतोय. वसमत तालुका, जिल्हा हिंगोली. बाहेर ऊन असं आहे की कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. अशा दिवसांत घरात सगळ्यात जास्त धावपळ कोणाची असेल, तर मुंग्यांची. म्हणून आजचा भाग मुंग्यांवर.

एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला होता. त्यांच्याच शब्दांत सांगतो. "दादा, ओट्यावर मुंग्या, पिठाच्या डब्यात मुंग्या, आता तर लाईटच्या बटनातून मुंग्या निघायल्यात. स्प्रे मारला की दोन दिवस गप. तिसऱ्या दिवशी दुप्पट. आता काय मारू?"

ताई, तुमच्या त्या 'दुप्पट' शब्दातच सगळी गोष्ट आहे. तिकडं येतोच. पण 'काय मारू' विचारण्याआधी 'कोणती मुंगी आहे' हे बघावं लागतं. ते कोणी बघत नाही. आपल्या लेखी मुंग्या दोनच, काळी आणि लाल. काळी चावत नाही, लाल चावते, संपला विषय.

यूट्यूबवर मुंग्यांचे व्हिडिओ भरपूर आहेत, काही चांगलेही आहेत. अडचण एवढीच की त्यातले बरेचसे थंड, डोंगराळ मुलखातले. तिथं घरं लाकडाची, हिवाळ्यात बर्फ. मुंग्या थंडीभर जमिनीत निपचित पडून राहतात आणि हवा तापायला लागली की घरात शिरतात. तिथल्या लोकांना मोठी भीती असते ती ओल्या लाकडात पोखरून घर करणाऱ्या मुंगळ्याची. आपल्याकडं थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारी, तीही पहाटेपुरती. आपल्या मुंग्या बारा महिने कामावर असतात.

आपले दोन हंगाम वेगळे आहेत. पहिला हा, एप्रिल-मे. काळ्या रानाला हातभर भेगा पडतात, जमिनीत ओल राहत नाही. मग मुंगी माठाखाली येते, न्हाणीत येते, बेसिनच्या पाइपापाशी येते. ती साखरेसाठी आली असं आपल्याला वाटतं, पण या दिवसांत ती पुष्कळदा पाण्यासाठी आलेली असते. दुसरा हंगाम मृगाचा. पहिला मोठा पाऊस झाला की बिळात पाणी शिरतं आणि अख्खं बिऱ्हाड भिंतीवर चढतं. मुंग्या अंडी घेऊन वर निघाल्या की पाऊस येतो, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात. जाता जाता सांगतो, त्या तोंडात धरलेल्या पांढऱ्या गाठोड्या बहुतेक वेळा अंडी नसतात. त्या अळ्या आणि कोष असतात. खरं अंडं इतकं बारीक असतं की नुसत्या डोळ्यांना नीट दिसतही नाही.

आता ओळख. मोबाइल सगळ्यांकडं आहे, त्याचा उपयोग करा. एका पांढऱ्या कागदावर गुळाचा ठिपका द्या. शेजारी एक तीळ आणि एक ज्वारीचा दाणा ठेवा. मुंग्या आल्या की जवळून फोटो काढा आणि मोठा करून बघा. मापासाठी पट्टी लागत नाही, तीळ पुरे.

तिळाएवढी, काळी-करडी, पाय आणि मिशा अंगाच्या मानानं फार लांब, आणि चालताना वेड्यासारखी इकडून तिकडं पळते, धड एका रांगेत चालत नाही. ही घरोघरची काळी मुंगी. इंग्रजीत हिला वेडी मुंगीच म्हणतात, आणि पळताना बघितली की नाव पटतं. ही डंख मारत नाही. हिचं घरही पक्कं नसतं. कुंडीखाली, विटांच्या ढिगात, शहाबादी फरशीच्या सांध्यात, जिथं जमेल तिथं राहते आणि त्रास झाला की उठून दुसरीकडं जाते.

तिळापेक्षा लहान, फिकट पिवळसर, पोटाचं टोक तेवढं काळपट, आणि बारीक रांग करून सावकाश चालते. ही फेरो मुंगी. ताई, तुमच्या बटनातून निघतेय ती बहुतेक हीच. हिला ऊब लागते आणि बारीक फट लागते. बोर्डाच्या मागं दोन्ही मिळतात. हिच्यासारखीच आणखी एक आहे. डोकं काळं आणि बाकी अंग इतकं फिकट की फरशीवर नुसता काळा ठिपका पळताना दिसतो. तिची तऱ्हाही जवळपास हीच.

लाल चावरी मुंगी तिळापासून ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि एकाच घोळक्यात लहान-मोठ्या दोन्ही दिसतात. हिचं घर मातीत असतं. अंगणात, न्हाणीच्या कडेला, भुसभुशीत मातीचा ढिगारा दिसतो. गोडापेक्षा तेलकट, मेलेलं झुरळ, शेंगदाणा यांवर जास्त जीव.

आणि मुंगळा. तो ओळखायला तीळ नको, चांगला शेंगदाण्याएवढा असतो. आपल्याकडचा काळा मुंगळा बहुतेक लिंबाच्या, बाभळीच्या बुडाशी मातीत राहतो आणि संध्याकाळनंतर गुळाच्या वासानं घरात येतो. चावतो जोरात, पण डंख नसतो. घराचं लाकूड खाईल म्हणून घाबरायचं कारण नाही. ते काम वाळवीचं, आणि वाळवी मुळात मुंगी नाहीच.

आता ते 'दुप्पट' प्रकरण. आपल्याला ओट्यावर दिसतात त्या मुंग्या म्हणजे वारुळातला थोडासा हिस्सा, बाहेर पाठवलेले मजूर. राणी, पिल्लं आणि बाकी सगळा कारभार आत असतो. लाल मुंगीचं घर एका जागी असतं, ते सापडलं की काम सोपं. पण त्या बारीक पिवळ्या मुंगीच्या एकाच वसाहतीत पुष्कळ राण्या असतात. स्प्रे मारला की समोरच्या मरतात, आणि आतल्यांना धोका कळतो. मग काही राण्या, थोडे मजूर आणि पिल्लं घेऊन एकेक टोळी वेगळी निघते. एक जाते देवघराच्या मागं, एक फ्रिजच्या रबराखाली. वाटणी झाली, चुली दोनाच्या चार झाल्या. तुम्ही मारल्या म्हणून त्या वाढल्या. रुग्णालयांमध्ये ही मुंगी फार छळते. जखमेच्या पट्टीपर्यंत जाते आणि रोगजंतू इकडून तिकडं नेते.

म्हणून या मुंगीला मारायचं असेल तर तिच्याच हातून आत विष पाठवायचं, आणि ते सावकाश काम करणारं हवं. मुंग्या पोटातलं अन्न एकमेकींना तोंडातून भरवतात. मजूर रस्त्यातच मेली तर राणीपर्यंत काहीच पोचत नाही. मेडिकलमध्ये बोरिक पावडर मिळते. कॅरम खेळणाऱ्यांना माहीत असेल, पण कॅरमची म्हणून मिळते ती आता कित्येकदा वेगळीच असते, तेव्हा 'बोरिक' असंच मागा. पाव लिटर कोमट पाणी, पाच-सहा छोटे चमचे साखर, आणि अर्धा छोटा चमचा बोरिक, सपाट. म्हणजे साधारण शंभराला एक हे प्रमाण होतं. पूर्ण विरघळू द्या. जास्त घातलं तर लवकर मरतील असं वाटतं, पण जास्त झालं की मुंगी तोंड लावत नाही, किंवा घरी पोचायच्या आत मरते. कंजूषपणा करा.

कापसाचा बोळा त्या पाण्यात भिजवून जुन्या प्लास्टिकच्या डबीत ठेवा, डबीला बारीक भोकं पाडा, झाकण पक्कं लावा आणि रांगेच्या वाटेवर ठेवा. लेकरांच्या, कोंबड्यांच्या, मांजराच्या तोंडी लागेल असं उघडं ठेवू नका. बोरिक घरगुती आहे, पण खायची वस्तू नाही. डबीवर तसं लिहा. उरलेलं पाणी सरबताच्या बाटलीत तर अजिबात भरू नका.

पहिले दोन दिवस डबीवर मुंग्यांची जत्रा भरेल. घरातले ओरडतील. ओरडू द्या. पुसू नका, मारू नका, शेजारी स्प्रे तर नकोच. आपल्या उन्हात बोळा लवकर सुकतो, म्हणून दोन-तीन दिवसांनी बदला. पंधरा दिवस, कधी तीन आठवडे लागतात. साखरेला तोंड लावत नसतील तर शेंगदाण्याचा बारीक कूट, थेंबभर तेल आणि चिमूटभर बोरिक करून बघा. कधी त्यांना गोड हवं असतं, कधी तेलकट. आणि ताई, बोर्डात पाणी, स्प्रे काही मारू नका. शॉक बसेल, नाहीतर पेट घेईल.

वेड्या काळ्या मुंगीला मात्र हे आमिष दर वेळी लागू पडतंच असं नाही. तिच्यासाठी पुसणं आणि बुजवणं. मुंगी वासाची वाट आखते आणि बाकीच्या त्या वासानं येतात. नुसत्या फडक्यानं वाट जात नाही, साबणाच्या पाण्यानं जाते. मग फटीत पांढरं सिमेंट. कुंडीतल्या जास्वंदीवर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे का तेही बघा. त्या किड्यांच्या अंगातून गोड चिकट पाणी निघतं आणि मुंग्या त्यासाठी गाईसारखे ते किडे राखतात. झाडावरचा मावा गेला की भिंतीवरची रांग कमी होते.

हळदीचं विचारणार, माहीत आहे. आमच्या तालुक्यात हळदीला तोटा नाही, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. हळदीची रेघ ओढली की मुंग्या थबकतात, कारण वासाची वाट झाकली जाते. थोड्या वेळानं कडेनं नवी वाट काढतात. वारूळ मरत नाही. हळदीचा भाव बघता मी ती वरणात घालीन. त्यापेक्षा आजीची पद्धत भारी. जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, दुधाचं पातेलं पाण्याच्या ताटात. पाण्यावर धूळ बसली की तिचाच पूल होतो, म्हणून पाणी रोज बदलायचं.

आजी मुंग्या मारू देत नाही, ही तक्रारही बऱ्याच जणांची. वारुळावर साखर टाकून पुण्य घेणारी पिढी ती. वाद घालू नका. अंगणातल्या, बिया वेचणाऱ्या मुंग्यांना तसंही मारायची गरज नसते. त्या मेलेले किडे उचलतात, माती भुसभुशीत करतात. घरातल्यांचं घरात बघू.

आता ज्यासाठी मी हा भाग करायला बसलो ते. आपली घरं शेतकऱ्यांची. कापसाचं, हळदीचं, सोयाबीनचं उरलेलं औषध गोठ्यात, नाहीतर माळ्यावर असतं. मुंग्या फार झाल्या की कोणीतरी म्हणतं, "आण ते, टाक भिंतीच्या कडेनं." क्लोरपायरीफॉस पाण्यात कालवून फटीत ओततात. काही घरांत अजून जुन्या फोरेटच्या दाण्यांची पिशवी निघते, ज्याला गावात थिमेट म्हणतात. फोरेटवर सरकारनं २०१८ मध्ये आदेश काढून २०२० च्या अखेरीपासून बंदी घातली, ती उगाच नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी दगावले, ते उघड्या रानात. आपण तसलीच औषधं बंद खोलीत, धान्याच्या कणगीशेजारी, रांगणाऱ्या लेकराच्या उंचीवर टाकतोय. पांढऱ्या खडूचंही तेच. लेकराला तो शाळेतला खडू वाटतो.

कोणाला अशा औषधानंतर लाळ सुटली, उलट्या झाल्या, डोळ्यांची बाहुली बारीक झाली, श्वास जड झाला, तर मीठपाणी पाजत बसू नका. १०८ लावा, औषधाची पिशवी किंवा बाटली सोबत न्या. डॉक्टरांना नाव कळलं की उपचार लगेच ठरतो.

लाल मुंगीला तर विष लागतही नाही. संध्याकाळी घर सापडलं की उकळतं पाणी, तीन-चार दिवस लागोपाठ. पाय सांभाळा, झाडाच्या मुळाशी ओतू नका. पाळण्याचे आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खाटेचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवा, चादर जमिनीला टेकू देऊ नका. त्यांना मुंग्या झटकता येत नाहीत. चावल्यावर आग होते, पुळी येते, ती फोडायची नाही. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली तर ती ॲलर्जी आहे, सरळ दवाखाना.

शेवटचा प्रश्न परभणीच्या एका मित्राचा. पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटखाली पंखवाले किडे पडतात, त्या मुंग्या की वाळवी? एक उचल आणि बघ. कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान, तर मुंगी. कंबरच नाही, मिशा सरळ, चारही पंख सारखे, तर वाळवी. मुंगी असेल तर झाडून टाक. वाळवी असेल तर दाराच्या चौकटी ठोकून बघ, पोकळ आवाज येतोय का. पण वाळवीला वेगळा भाग लागेल, तो पुढच्या आठवड्यात. मुंगीचे फोटो पाठवा, शेजारी तीळ ठेवून.