घरचा कॅमेरा निवडताना



मुंबईचे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ साली कुस्तीचा एक सामना चित्रित केला. त्यांना निवडीला फारसा वाव नसावा. मी मात्र २००३ साली दिल्लीच्या चांदणी चौकात, कूचा चौधरीच्या बाजारात, कॅमेऱ्यांच्या रांगांपुढे गोंधळून उभा होतो. घरी नातीचे बारसे होते आणि पाळणा म्हणायला माझी नव्वदीची आई नाशिकहून येणार होती.

दुकानदाराने एका कॅमेऱ्यावरील ‘सातशेपट’ हा आकडा अभिमानाने दाखविला. दुसऱ्यावर दहापटच लिहिलेले होते. पण ते दहापट भिंगाचे सामर्थ्य होते. सातशेपट म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून ताणलेला. ताणल्याने कापड वाढत नाही, विरळ होते. अमेरिकेतील पुतण्या स्वस्तात कॅमेरा आणून देणार होता. परंतु तिकडची दूरचित्रवाणीची पद्धत सेकंदाला तीस चित्रांची, आपली पंचविसांची. तोही मोह सोडला.

अखेर दोनच गोष्टी पाहिल्या. दुकानातील दिवे मालवून अंधुक उजेडात चेहरा कसा दिसतो ते पाहिले, आणि निराळा माइक जोडण्याची सोय आहे ना, हे विचारले. बारशाला वीस माणसे एकदम बोलणार. कॅमेऱ्याच्या अंगचा माइक जवळच्याचेच अधिक ऐकतो. चार पैसे अधिक मोजले आणि माइक पाळण्याच्या दांडीला बांधला.

पुढच्या वर्षी आई गेली. तिचा आवाज तासाभराच्या त्या फितीत तेवढा उरला. काही वर्षांनी कॅमेराच अडखळू लागला, तेव्हा कळले की फीत जपली, पण ती वाजविणारे यंत्र जपले नव्हते. एका परिचिताचा कॅमेरा मागून आणला आणि ती फीत संगणकावर उतरविली. तासाच्या फितीला तासच लागला. जागा लागली सुमारे १३ गिगाबाइट.

आज घरोघरी हे काम मोबाइलच करतो. तरी निवडीची कसोटी तीच आहे: अंधारात चेहरा दिसावा, गर्दीत आवाज ऐकू यावा, आणि टिपलेले दोन ठिकाणी उतरवून ठेवावे. आपल्या घरी जुन्या फिती असतील, तर त्या वाजविणारे यंत्र मिळते आहे तोवर उतरवून घ्या. नातीने पणजीचा पाळणा परवाच ऐकला.